जर्सी सिटी

जर्सी सिटी हे अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातले, हडसन नदीच्या पश्चिम काठावरचे शहर. पैलतीरावर न्यूयॉर्क शहराचे मॅनहॅटन. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,९२,४४९. राज्यात न्यूअर्कखालोखाल दुसरा क्रमांक. ‘न्यूयॉर्कचा सहावा बरो’ (बरो म्हणजे शहराचा प्रशासकीय विभाग) हे टोपणनाव फसवे आहे, कारण मधली नदी ही राज्याची हद्द आहे.

करभरणीत ती हद्द लगेच जाणवते. येथे राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्याला न्यूयॉर्क राज्याचे अनिवासी विवरणपत्र भरावे लागते, शिवाय न्यू जर्सीचे निवासी. तिकडे भरलेल्या कराची वजावट इकडे मिळते, पण ती मागावी लागते. विसरल्यास त्याच पगारावर दोनदा कर. न्यूयॉर्क शहराचा वेगळा प्राप्तिकर मात्र वाचतो.

१९०८ पासून नदीखालून धावणाऱ्या ‘पाथ’ रेल्वेची शहरात चार स्थानके आहेत : जर्नल स्क्वेअर, ग्रोव्ह स्ट्रीट, एक्स्चेंज प्लेस आणि न्यूपोर्ट. घर भाड्याने घेताना नुसते ‘स्टेशनजवळ’ एवढे पाहून भागत नाही. एक्स्चेंज प्लेसहून वर्ल्ड ट्रेड सेंटर एकाच थांब्यावर, पण मॅनहॅटनमधल्या ३३ व्या रस्त्यासाठी गाडी बदलावी लागते. ग्रोव्ह स्ट्रीट आणि जर्नल स्क्वेअरला दोन्हीकडच्या गाड्या मिळतात. पुढे न्यूयॉर्कची सबवे धरायची तर तिकीट वेगळे. हॉलंड बोगद्याचा (१९२७) टोल फक्त न्यूयॉर्ककडे जाताना लागतो.

डच वसाहतकाळातले बर्गन (१६६०) आणि हडसन सिटी १८७० मध्ये जर्सी सिटीत विलीन झाली. पुढे रेल्वे आणि गोद्या हा शहराचा कणा होता. तो मोडल्यावर ओसाड पडलेल्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून कचेऱ्यांचे आणि निवासी मनोरे उठले.

‘इंडिया स्क्वेअर’ हा भारतीय बाजार जर्नल स्क्वेअरजवळच्या न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर आहे. हाच रस्ता खाली ग्रोव्ह स्ट्रीटपर्यंत जातो, तेथे त्याचा पादचारी चौक झाला आहे. म्हणून केवळ रस्त्याचे नाव सांगितले की पाहुणा हमखास भलतीकडे उतरतो. वाणसामान, मिठाई, सोने सारे इंडिया स्क्वेअरला मिळते. बाजाराचा तोंडवळा बराचसा गुजराती. १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने येथल्या भारतीयांना धमकावले होते.

डाउनटाउनचा बराच भाग भराव घालून केलेला, सखल. सांडपाणी आणि पावसाचे पाणी जुन्या भागांत एकाच गटारातून वाहते. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर निचरा अडतो आणि पाणी तळघरांत उलटे येते. २०१२ च्या सँडी वादळात पाथचे बोगदेही भरले. तळमजल्यावर राहणाऱ्याने पूरविमा वेगळा घ्यावा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत.