अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात टेन्युअर-ट्रॅक प्राध्यापक: पात्रता, कागदपत्रं, मुलाखत आणि व्हिसा

जुलै संपत आला की पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षातल्या आपल्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. ‘सर, अमुक कॉलेजची जाहिरात आलीये, मी एलिजिबल आहे का?’ हा प्रश्न थेट महाराष्ट्रातून सामानात बांधून आणलेला असतो. तिथे सेट-नेट आहे का, एम.ए., एम.एस्सी.ला ५५ टक्के आहेत का, रोस्टरमध्ये जागा कोणत्या प्रवर्गाची, एवढं बघितलं की पात्रतेचा निकाल लागतो. इथे पात्रता जाहिरातीतल्या एका ओळीत संपते आणि अर्ज करणारे बहुतेक सगळेच तीत बसतात. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात मी शिकवतो आणि आजवर तीनदा निवड समितीवर बसलो आहे. तिथल्या टेबलावर अर्जाकडे बघताना डोक्यात एकच विचार असतो: हा माणूस आपल्या मुलांना शिकवेल का आणि इथे राहील का? पुढची सगळी माहिती त्या दृष्टीने वाचा.

जागा नेमकी कसली

टेन्युअर-ट्रॅक म्हणजे कायम नेमणुकीकडे नेणारी परिविक्षा. आपल्याकडे परिविक्षा वर्षा-दोन वर्षांत उरकते, इथे ती लांब असते. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेच्या १९४० सालच्या निवेदनाने तिची कमाल मर्यादा सात वर्षं ठरवली आणि बहुतेक कॉलेजं आजही तीच पाळतात. तिसऱ्या वर्षी आढावा होतो, सहाव्या वर्षी टेन्युअरची फाईल जाते. नकार आला तर सातवं वर्ष शेवटचं. म्हणजे निवड समिती एका नेमणुकीत पुढच्या तीस वर्षांचा शेजारी निवडत असते. जाहिरातीत ‘व्हिजिटिंग’ असा शब्द असेल तर ती जागा एक ते तीन वर्षांची तात्पुरती असते. या जाहिराती बऱ्याचदा उशिरा, वसंतात निघतात. तिथे काम करून पुढच्या हंगामात पुन्हा अर्ज करणारे पुष्कळ असतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

लिबरल आर्ट्‌स कॉलेजात साधारण दीड-दोन हजार विद्यार्थी असतात, जवळपास सगळे पदवीचे. विल्यम्स, स्वार्थमोर, ग्रिनेल, कार्लटन ही त्यातली नावं. वेस्लियन, कोलगेट, बकनेल यांच्या नावात युनिव्हर्सिटी असली तरी घडण याच जातीची. मोठ्या विद्यापीठात वही तपासायला पीएच.डी.चे विद्यार्थी मिळतात, इथे वही तुमची तुम्हीच तपासायची. दर सत्राला दोन किंवा तीन कोर्स शिकवायचे. संशोधन अपेक्षित असतंच, फक्त ते एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन करता आलं तर तुमचं वजन वाढतं.

पात्रता

विषयातली पीएच.डी. हवी, आणि ती रुजू होण्याच्या तारखेपर्यंत म्हणजे बहुधा ऑगस्टपर्यंत हातात पडलेली हवी. प्रबंध तेवढा राहिला आहे अशांना ‘एबीडी’ म्हणतात आणि तेही अर्ज करू शकतात. मात्र तुमच्या मार्गदर्शकाने पत्रात ‘मे महिन्यात डिफेन्स (प्रबंधाची तोंडी परीक्षा) होईल’ असं स्पष्ट लिहायला हवं. चित्रकला, सर्जनशील लेखन अशा विषयांत एम.एफ.ए. ही अंतिम पदवी मानतात. वयाची अट नाही, नेट नाही, नागरिकत्वाची अटही सहसा नसते. भारतातली पीएच.डी. चालते. पण स्पष्टच सांगतो, अमेरिकेत एकही वर्ग न शिकवता पुण्याहून थेट अशी जागा मिळवणं फार अवघड आहे. आधी पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनाची जागा) किंवा व्हिजिटिंग करून या.

कॅलेंडर

जाहिराती ऑगस्टपासून, अर्जाची मुदत बहुतेक विषयांत सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. व्हिडिओवरची पहिली फेरी नोव्हेंबर-डिसेंबरात, कॅम्पसवर बोलावणं डिसेंबर ते फेब्रुवारी, ऑफर त्यानंतर. गणितवाल्यांनी मॅथजॉब्ज बघावं, अर्थशास्त्रवाल्यांनी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची जाहिरात यादी, साहित्य आणि भाषावाल्यांनी मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची (एमएलए). सर्वसाधारण जाहिराती क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन आणि हायरएडजॉब्जवर सापडतात. अर्ज इंटरफोलिओ, अकॅडेमिक जॉब्ज ऑनलाइन किंवा कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवर भरायचा. दिवाळी नेमकी याच दिवसांत येते, हे आधीच ध्यानात घ्या.

कव्हर लेटर

सगळ्यात जास्त वेळ या दीड-दोन पानांवर घालवा, कारण समितीतले सगळेजण सगळ्यांचं सगळं वाचत नाहीत, पण हे वाचतात. मोठ्या विद्यापीठासाठी लिहिलेलं पत्र नाव बदलून पाठवलं की पहिल्या परिच्छेदातच कळतं: दोन पानं प्रबंध आणि शेवटी तीन ओळी ‘मला शिकवायलाही आवडतं’. आमच्याकडे आलेल्या एका पत्रात तर तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलं होतं.

प्रत्येक कॉलेजची एक स्वतःची तऱ्हा असते, ती शोधा. कोलोराडो कॉलेजात एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवड्यांत पुरा. तुमचा सोळा आठवड्यांचा अभ्यासक्रम तिथे कसा बसेल हे पत्रात आलं पाहिजे. रीडमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी प्रबंधिका लिहितो. वूस्टरमध्येही प्रत्येकाला स्वतंत्र प्रकल्प करावाच लागतो. तिथे तुम्ही कोणकोणत्या विषयांवर मार्गदर्शन करू शकाल त्याची दोन ठोस उदाहरणं द्या. कार्लटनचं वर्ष दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्मचं. बेरिया शिकवणी फी घेत नाही आणि तिथला प्रत्येक विद्यार्थी कॅम्पसवर काम करतो. स्मिथ आणि वेलस्ली महिलांची कॉलेजं.

‘आपल्या नामांकित संस्थेत सेवा करण्याची संधी मिळाल्यास मी कृतज्ञ राहीन’ हे वाक्य आपल्या हाडीमासी मुरलेलं आहे. ते काढा. त्या जागी असं काही लिहा: ‘तुमच्या विभागात संख्याशास्त्राचा दुसऱ्या वर्षाचा कोर्स आहे, पण त्यापुढे बेजियन पद्धती शिकवणारं कोणी नाही. तो कोर्स मी पहिल्या वर्षीच सुरू करू शकेन.’ कॉलेजचा कॅटलॉग उघडून अर्धा तास वाचल्याशिवाय असं वाक्य लिहिता येत नाही, आणि वाचणाऱ्याला तो अर्धा तास दिसतो.

बाकीची कागदपत्रं

सीव्हीला पानांची मर्यादा नाही, पण जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, फोटो यातलं काही घालू नका. आपल्या बायोडेटाची ती सवय इथे समितीलाच अडचणीत आणते, कारण त्यांना हे विचारायलाच मनाई असते.

शिकवण्याविषयीचं निवेदन एक-दोन पानांचं असतं. त्यात शिक्षणशास्त्रातली मोठी नावं टाकण्यापेक्षा तुमच्या एका तासाचं वर्णन करा: मुलं कुठे अडकली, तुम्ही काय बदललं, पुढच्या वर्षी काय झालं. संशोधनाचं निवेदन तुमच्या विषयाबाहेरच्या माणसाला कळेल असं लिहा. रसायनशास्त्राच्या जागेच्या समितीवरही इतिहासाचा एखादा प्राध्यापक बसवलेला असू शकतो. प्रयोगशाळेचा विषय असेल तर साधनं किती लागतील आणि पदवीची मुलं त्यातलं काय करतील, हेही सांगा. शिकवण्याचे पुरावे म्हणून अभ्यासक्रमाच्या आराखड्याचा नमुना आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय मागतात. मानव्यविद्यांत लेखनाचा नमुनाही जोडावा लागतो.

विविधतेबद्दलचं निवेदन काही वर्षांपूर्वी सर्रास मागत. २०२४ मध्ये एमआयटीने ते बंद केलं, पाठोपाठ हार्वर्डच्या कला-विज्ञान शाखेनेही, आणि काही राज्यांत कायद्यानेच बंदी आली. त्यामुळे जाहिरातीत मागितलं असेल तरच लिहा. मागितलं तर जातीव्यवस्थेवर निबंध नको. वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुलं एका वर्गात असताना तुम्ही काय करता, तेवढंच लिहा.

शिफारसपत्रं तीन, गोपनीय, लिहिणाऱ्यांनी परस्पर पाठवायची. निदान एक पत्र तुमचा वर्ग प्रत्यक्ष बघितलेल्या माणसाचं हवं, म्हणून वर्षभर आधीच कोणाला तरी वर्गात येऊन बसायला सांगून ठेवा. भारतातल्या सरांचं पत्र घ्यायचं असेल तर त्यांना नमुना दाखवा. ‘उमेदवार मेहनती व सुस्वभावी असून मी त्यांना यश चिंतितो’ हे आपल्याकडे चांगलं पत्र असतं. इथे अर्ध्या पानाचं पत्र म्हणजे लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असा अर्थ निघतो.

आणि गुणपत्रकं. अर्जाला साध्या प्रती चालतात. निवड झाल्यावर मात्र विद्यापीठाने सीलबंद केलेल्या किंवा थेट पाठवलेल्या प्रती लागतात आणि परदेशी पदव्यांचं मूल्यांकनही मागू शकतात. माझा घोळ नावात झाला. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. पोर्टलने मार्कशीटवरचा पहिला शब्द माझं नाव धरला आणि सहा महिने माझ्या फायलीला सगळे आडनावाने एकेरी हाक मारत होते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर माझ्या भावाने चार खेपा घातल्या तेव्हा प्रती निघाल्या. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर हे काम अर्जाच्या आधीच्या उन्हाळ्यातच उरकावं.

मुलाखत

पहिली फेरी व्हिडिओवर, जेमतेम अर्धा तास. ‘पहिल्या वर्षाच्या, विषयाची धास्ती घेतलेल्या मुलांना तुम्ही हा विषय कसा शिकवाल?’ हा प्रश्न हमखास असतो. त्यातून साधारण तिघांना कॅम्पसवर बोलावतात आणि प्रवासाचा खर्च कॉलेज करतं.

कॅम्पसवरचा दीड दिवस सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत मुलाखतच असते. डीनची भेट, विभागातल्या प्रत्येकाशी अर्धा तास, विद्यार्थ्यांबरोबर जेवण, संशोधनावर भाषण. आणि सगळ्यात महत्त्वाचा नमुना तास: दुसऱ्याच्या वर्गात, अनोळखी पंधरा मुलांपुढे, मागच्या बाकावर समिती. एका उमेदवाराने पन्नास मिनिटांत चाळीस स्लाइड संपवल्या, गणित एकही चुकलं नाही, पण एकाही मुलाला तोंड उघडायला मिळालं नाही. दुसरीने फळ्यावर एक आकृती काढली, खडू मागच्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिला आणि ‘आता पुढची रेघ तू’ म्हणून बाजूला उभी राहिली. ती मुलगी चुकली, वर्ग हसला, मग तिघांनी मिळून ती रेघ दुरुस्त केली. नेमणूक कोणाची झाली हे सांगायला नको. विद्यार्थ्यांबरोबरचं जेवण हलक्यात घेऊ नका, त्यांचे लेखी अभिप्राय समितीपुढे येतात.

लग्न झालंय का, मुलं आहेत का, वय किती, हे समिती विचारत नाही. गप्पांच्या ओघात कोणी विचारलंच तर हसून विषय बदला. अमेरिकेत काम करण्याची परवानगी आहे का, पुढे स्पॉन्सरशिप लागेल का, एवढं विचारता येतं. त्याचं उत्तर खरं द्या. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, नाहीतर मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावातल्या स्टेकहाउसमध्ये सॅलड चिवडत उत्तरं द्यावी लागतील.

ऑफर आधी फोनवर येते, मग लेखी. विचाराला सहसा आठवडा-दोन आठवडे मिळतात. पगाराबरोबर संशोधनाचा सुरुवातीचा निधी, सामान हलवण्याचा खर्च, पहिल्या वर्षी एक कोर्स कमी, जोडीदाराच्या नोकरीसाठी मदत, हे सगळं याच टप्प्यावर मागायचं असतं. मागितलं म्हणून कोणी ऑफर मागे घेईल ही आपली भीती बहुतेक वेळा अनाठायी असते, मात्र बोलणं सौम्य हवं.

व्हिसा

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर असाल तर पदवीनंतर बारा महिन्यांचं ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी; विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी चोवीस महिने. ना-नफा तत्त्वावरची कॉलेजं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याबाहेर आहेत, त्यामुळे आयटीवाल्या मित्रांसारखी लॉटरीची धास्ती नाही. पण सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लावले आणि त्यातून कॉलेजांना सरसकट सूट दिली नाही. पुढच्याच महिन्यात इमिग्रेशन खात्याने खुलासा केला की अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून एच-१बीवर जाणाऱ्याला ही रक्कम लागू नाही. म्हणून स्टेटस बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना लग्नाला भारतात जायचं तिकीट काढण्याआधी कॉलेजच्या वकिलाशी बोला. नियम बदलत राहतात, माझ्या शब्दावर जाऊ नका.

जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर आलेल्यांना पूर्वी दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट अनेकदा लागायची. ही अट ज्या देशांना लागते त्यांच्या कौशल्य-यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारत वगळला गेला. तरी फुलब्राइटसारख्या सरकारी पैशावर आलेल्यांना ती अट अजून आहे.

ग्रीन कार्डाबाबत एक सवलत फक्त वर्गात शिकवणाऱ्यांसाठी आहे आणि बऱ्याच जणांना ती उशिरा कळते. एरवी पर्मच्या, म्हणजे जागेसाठी योग्य अमेरिकन उमेदवार मिळत नाही हे दाखवण्याच्या, प्रक्रियेत किमान पात्रतेचा एक अमेरिकन उमेदवार मिळाला तरी अर्ज अडतो. महाविद्यालयीन शिक्षकाच्या बाबतीत तुम्ही आलेल्या अर्जदारांत सर्वाधिक पात्र होता, एवढं दाखवलं की पुरे. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक नियतकालिकात दिलेली जाहिरात पुरावा म्हणून लागते आणि अर्ज निवडीपासून १८ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. मुदत चुकली तर जाहिरातीपासून सगळं पुन्हा. हा खर्च कायद्याने कॉलेजचा, तो तुमच्याकडून घेता येत नाही. ईबी-२ या ग्रीन कार्डाच्या वर्गात भारतीयांची रांग किती लांब आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि रांगेतला तुमचा क्रमांक हा अर्ज दाखल झाल्याच्या तारखेने ठरतो, म्हणून एकेक महिना मोलाचा. आय-१४०, म्हणजे कॉलेजने तुमच्या ग्रीन कार्डासाठी केलेला पुढचा अर्ज, मंजूर झाला की एच-१बी सहा वर्षांपुढेही वाढवता येतो.

रुजू झाल्यावर आय-९ या कामाच्या परवानगीच्या तपासणीच्या फॉर्मसाठी तीन कामकाजी दिवसांत मूळ कागदपत्रं दाखवायची असतात. त्यासाठी एचआरच्या टेबलाशी बसाल तेव्हाच विचारा: पर्मची जाहिरात कुठे छापली होती, तिची प्रत कोणाकडे आहे, आणि १८ महिने कोणत्या तारखेला संपतात.