दातापासून ४० सेंटीमीटर: पोटात डोकावायला माणूस कसा शिकला

आईची एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून पोट आतून बघणं, झाली मागच्या महिन्यात, कॉलेज रोडला. रविवारची मिसळ खाल्ली की छातीत जळजळ, आडवं पडलं की घशाशी आंबट, आणि घरात सगळ्यांचं एकच, पित्त झालंय. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, जठराची सुरुवात ३७ सेमी, श्वासपटलाचा चिमटा (छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू अन्ननलिकेला जिथे आवळतो ती जागा) ४० सेमी. हे आकडे समोरच्या दातांपासून मोजतात, १५ सेमीवर अन्ननलिकेचं तोंड आणि तिथून नळी २५ सेमी, म्हणजे ४० ला जठर लागायला पाहिजे, आईचं ३ सेमी वर छातीत सरकलंय. हायटस हर्निया म्हणतात याला.

पण जिवंत माणसात एवढं आत बघायची सुरुवात कुठून झाली हे वाचायला लागलो आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरने खेळ करणाऱ्या तलवार गिळणाऱ्या माणसाला बोलावून त्याच्या घशातून सरळ कडक नळी जठरापर्यंत घातली, कारण मान मागे टाकून घसा सैल सोडायची सवय त्यालाच होती. नळी पोचली, पण उजेड पुरेना, त्यामुळे फार काही दिसलं नाही.

त्याच्याही आधीची अलेक्सिस सेंट मार्टिनची गोष्ट तर मनातून जातच नाही. १८२२ मध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर या तरुणाला बंदुकीची गोळी लागली, जखम भरली पण पोटाला भोक कायम राहिलं. डॉक्टर बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा, शिळा पाव, कोबी बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि ठराविक वेळाने ओढून काढून बघायचे किती विरघळलं ते. १८३३ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकात छापलं. पचनाचं आपलं केवढं ज्ञान त्या एका गरीब माणसाने वर्षानुवर्षं त्रास सोसला म्हणून मिळालं, मला त्याच्याबद्दल खूप वाटतं.

जठरातलं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, हे इंग्लंडमधल्या प्राउट नावाच्या डॉक्टरने १८२३ मध्येच दाखवलं होतं. जठराच्या आतून चिकट थर असतो म्हणून ते स्वतः जळत नाही, अन्ननलिकेला तसा थर नाही, म्हणून थोडं जरी वर आलं तरी आग होते.

पूर्ण वाकणारी नळी मात्र १९५७ ची, डॉक्टर हिर्शोविट्झ यांनी काचेच्या बारीक तंतूंची दुर्बीण आधी स्वतःच्या घशात घालून पाहिली आणि मग पेशंटला. आईला घशात स्प्रे मारून डाव्या कुशीवर झोपवलं, पाच-सात मिनिटांत झालं पण.

खरं पित्त यकृतात तयार होतं आणि जठराच्या पुढे आतड्यात पडतं, हे आईला सांगितलं. ती अजून पित्तच म्हणते, आणि आयुर्वेदात अम्लपित्त शब्द आहेच, त्यामुळे मीही आता तसंच म्हणतो.