तादानोरी योकोओ: कापडाच्या लेबलांतून उगवलेला सूर्य

जपानी ग्राफिक डिझायनर तादानोरी योकोओंचं नाव निघालं की ‘सायकेडेलिक’ (नशेतल्या भासांसारखी भडक शैली) हा शब्द पाठोपाठ येतो आणि त्यांची गणना थेट अमेरिकन हिप्पी पोस्टरांमध्ये होते. तारखा मात्र वेगळं सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोत त्या पोस्टरांना बहर आला १९६६-६७ मध्ये. योकोओंचं सर्वांत गाजलेलं पोस्टर १९६५ चं, तोक्योतल्या ‘पर्सोना’ प्रदर्शनातलं. उगवत्या सूर्याचे रुंद किरण, त्यांच्यापुढे फासाला लटकलेला, हातात गुलाब धरलेला माणूस, वर फुजी पर्वत आणि शिंकान्सेन ही जपानची बुलेट ट्रेन, खाली स्वतः योकोओंचा बालपणीचा फोटो. मजकूर असा, की वयाच्या २९ व्या वर्षी शिखर गाठून मी मेलो. तेव्हा ते २९ वर्षांचेच होते.

हे किरण आले कुठून? १९३६ साली योकोओ जन्मले ते निशिवाकी या विणकरांच्या गावात. दत्तक वडिलांचा किमोनोच्या कापडाचा व्यापार. ताग्यांवरची भडक लेबलं बघत हा मुलगा वाढला. आपल्याकडच्या जुन्या काडेपेट्यांवरची चित्रं जमवणाऱ्याला ती ओढ लगेच कळेल. पुढे कोबेच्या वृत्तपत्रात काम करून ते १९६० मध्ये तोक्योला निप्पॉन डिझाइन सेंटर या डिझाइन कंपनीत गेले. तिथे दबदबा होता स्वच्छ, मोजूनमापून केलेल्या पाश्चात्त्य मांडणीचा. गावंढळ म्हणून जे बाजूला सारलं जात होतं, तेच योकोओंनी भिंतीवर आणलं. मला त्यांचं खरं धाडस इथे दिसतं.

स्क्रीन प्रिंटिंग त्यांना मानवलं यात नवल नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा: प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, जाळीवर शाई ओतायची, रबरी पट्टीने एका दमात ओढायची. रंग सपाट आणि दाट बसतो. नाटककार जुरो कारा यांच्या नाटकमंडळीसाठी १९६६ मध्ये केलेलं पोस्टर बघताना ही दाटी डोळ्यांत भरते.

१९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. १९७० च्या ओसाका एक्स्पो या जागतिक प्रदर्शनात त्यांनी वस्त्रोद्योगाच्या दालनाची बांधकामाची परांचीच तशीच ठेवून लाल रंगवली. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं. भारतात ते या दशकात वारंवार आले. संगीतकार हारुओमी होसोनोंसोबतच्या फेरीतून १९७८ चा ‘कोचीन मून’ हा अल्बम निघाला. त्याचं मुखपृष्ठ योकोओंनी हिंदी सिनेमाच्या पोस्टरसारखं केलं.

१९८० मध्ये त्याच म्युझियममध्ये पिकासोचं प्रदर्शन पाहून ते चित्रकलेकडे वळले. त्यांच्या नावाचं संग्रहालय २०१२ मध्ये उघडलं ते कोबेत, वृत्तपत्रातल्या नोकरीच्या गावी.