समाजशास्त्र आणि व्यावहारिक समज

समाजात वावरताना अंगवळणी पडलेली आणि पुराव्याची गरज न भासणारी जाण म्हणजे व्यावहारिक समज. समाजशास्त्र तीच तपासायला घेते. (पाठ्यपुस्तकांत ‘सामान्यज्ञान’ असाही शब्द आढळतो, पण त्याने स्पर्धा परीक्षेचे गाइड डोळ्यांपुढे येते.) अभ्यासकाने पूर्वकल्पना बाजूला ठेवून सामाजिक तथ्यांकडे (म्हणजे व्यक्तीवर बाहेरून दबाव आणणाऱ्या रूढी, नियम, समजुती यांकडे) वस्तू म्हणून पाहावे, असा आग्रह फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी १८९५ मध्ये धरला. हे सोपे नाही, कारण अभ्यासकही त्याच समाजात लहानाचा मोठा झालेला असतो.

सांगली जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. मुलगी नको म्हणणारे लोक गरीब आणि अडाणी असतात, ही सर्वत्र आढळणारी समजूत. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली होत्या, तर ऊस आणि साखर कारखान्यांच्या सांगलीत ८५१. आदिवासीबहुल गडचिरोलीत हे प्रमाण कितीतरी चांगले होते. अशी तुलना केली की प्रश्नच बदलतो. गर्भलिंगनिदानाला पैसा आणि डॉक्टर दोन्ही लागतात. ते कोणाच्या आवाक्यात होते? जमिनीची वाटणी आणि हुंडा यांची धास्ती कोणाला जास्त? शेजारच्या साताऱ्यात मुलीचे नाव ‘नकुशा’ ठेवले की पुढचा मुलगा होतो, असा समज होता. २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. समज खोटा म्हणून समाजशास्त्र तो सोडून देत नाही. ज्या घरात तो टिकतो, त्या घराची रचना पाहते.

सांगली जिल्ह्यातल्याच विटा-आटपाडी भागातले गलाई कारागीर देशभर सोने-चांदी गाळतात. ‘त्यांच्या हातालाच गुण आहे’, असे लोक म्हणतात. अभ्यासक आधी पर्जन्यछायेतली कोरडवाहू शेती पाहतो, मग मामाच्या किंवा गाववाल्याच्या दुकानात मुशीपाशी बसलेला शिकाऊ पोरगा. परमुलखात अनोळखी माणसाच्या हाती सोने कोण देणार? भावकीची ओळख येथे जामिनासारखी चालते. अर्थात हे कारागिरांना आधीपासून ठाऊक असते. त्यांच्या समजेला अडाणीपणा ठरवणारा अभ्यासक निम्मी माहिती गमावतो.

देवाणघेवाण उलटही होते. निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येणारा ‘व्होट बँक’ हा शब्द समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या लेखनातून आला आहे.