जंक्शन, टर्मिनस, सेंट्रल, रोड आणि हॉल्ट

भारतीय रेल्वेत स्थानकांच्या नावापुढे लागणारे शब्द. पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत ते एकाच पंगतीत बसलेले दिसतात. परंतु त्यांतले काही लोहमार्गाची रचना सांगतात, एखादा गाव लांब असल्याची सूचना देतो, तर एखादा केवळ मानाचा असतो.

जिथून किमान तीन दिशांना मार्ग फुटतात ते जंक्शन. मनमाडहून मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार दिशांना रूळ जातात. स्थानक किती मोठे आहे किंवा तिथे किती गाड्या थांबतात, याच्याशी या शब्दाचा संबंध नाही.

टर्मिनस म्हणजे मार्गाचे शेवटचे टोक. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रूळ फलाटाच्या टोकाशी अडथळ्यापाशी संपतात. त्यामुळे इंजिनाने ओढून आणलेली गाडी परत न्यायची झाल्यास इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. कोल्हापूरचे स्थानकही याच अर्थाने टर्मिनस आहे.

खरा घोळ होतो तो ‘सेंट्रल’मुळे. या शब्दाला रुळांच्या रचनेचा कोणताही निकष नाही. शहरातले प्रमुख स्थानक एवढेच तो सुचवतो. मुंबई सेंट्रल १९३० साली सुरू झाले, तर मध्य रेल्वे स्थापन झाली १९५१ साली. साहजिकच या नावाचा त्या रेल्वेशी संबंध नाही आणि स्थानक आहे पश्चिम रेल्वेवर. ‘सेंट्रल लाइन’ (मध्य रेल्वेचा लोकल मार्ग) ऐकून नवखा प्रवासी नेमका इथेच फसतो. शिवाय लोकल येथून पुढे चर्चगेटपर्यंत जातात, पण लांब पल्ल्याच्या गाड्या येथेच संपत असल्याने त्यांच्यापुरते हे टर्मिनसच ठरते.

‘रोड’ या शब्दाचा रूढ अर्थ असा की, गाव येथे नाही, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी येथे उतरावे. नाशिक रोड मूळ नाशिकपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे आणि सावंतवाडी रोड मळगावात आहे. मुंबईतील ग्रँट रोडला मात्र हा अर्थ लावता येत नाही, कारण तिथे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा खराखुरा रस्ताच होता. वसई रोडहून दिवा स्थानकाकडे फाटा फुटत असल्याने ते कामाने जंक्शन आहे, तरी बोलण्यात ‘रोड’च टिकला.

हॉल्ट सर्वांत साधे. प्रवाशांच्या चढउतारापुरता हा थांबा असतो. गाड्यांच्या येण्याजाण्याचे नियंत्रण तेथून होत नाही आणि पुष्कळ ठिकाणी तिकिटेही रेल्वेचा कर्मचारी नव्हे, तर कमिशनवर नेमलेला स्थानिक माणूस विकतो.