महापौर आणि महासभा : ठाणे व नवी मुंबईतील अधिकारविभागणी

ठाणे आणि नवी मुंबई या महानगरपालिकांमध्ये कारभाराचे अधिकार लोकनियुक्त सभागृह, त्या सभागृहातून निवडलेल्या समित्या आणि शासनाने नेमलेला आयुक्त यांच्यात वाटलेले आहेत. दोन्ही शहरांना एकच कायदा लागू आहे. तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या नावाने संमत झाला आणि २०१२ पासून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो. या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये महापालिका प्राधिकरणांची गणना आहे : महानगरपालिका (म्हणजे सर्व सदस्यांचे मिळून सभागृह), प्रभाग समिती, स्थायी समिती, आयुक्त आणि परिवहन उपक्रम असल्यास परिवहन व्यवस्थापक. महापौर या यादीत स्वतंत्र प्राधिकरण म्हणून नाही. ‘महापौरांनी रस्ता मंजूर केला’ असे नाक्यावर सर्रास ऐकू येते आणि वृत्तपत्रांतही छापून येते. कायद्याच्या दृष्टीने रस्ता मंजूर करते ती सभा किंवा समिती, आणि तो करवून घेतो आयुक्त. पुढील विवेचन या भेदावर उभे आहे.

‘महापौर’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः वि. दा. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला दिले जाते. ‘पौर’ म्हणजे नगरवासी, यावरून तो सिद्ध झाला आहे. खुद्द मुंबईत १९३१ पर्यंत या पदाला अध्यक्ष म्हणत. महापौर हे पदनाम त्या वर्षापासूनचे. ‘नगरसेवक’ हा शब्दही व्यवहारातला आहे. कायद्याच्या मराठी पाठात ‘पालिका सदस्य’ असे येते, तर सभागृहात ‘सन्माननीय सदस्य’ असा उल्लेख होतो. सर्वसाधारण सभेला ठाण्यात आणि नवी मुंबईत ‘महासभा’ म्हणण्याची पद्धत आहे.

उगम : विचार सभेने करावा आणि अंमल एकाच अधिकाऱ्याने करावा, ही विभागणी कोणाच्या डोक्यातून निघाली याविषयी मतभेद आहेत. तिचा पहिला नमुना मुंबईच्या १८६५ च्या कायद्यात दिसतो. त्याने ‘जस्टिस ऑफ द पीस’ (शासनाने नेमलेले मानद दंडाधिकारी) मंडळींना सामूहिक संस्थेचे रूप दिले आणि सगळा अंमल आयुक्ताच्या हाती सोपवला. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराची गटारे, रस्ते व बाजार यांवर सढळ हाताने पैसा ओतला. खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१ मध्ये करदात्यांचे आंदोलन उभे राहिले. एकट्या अधिकाऱ्याकडची सत्ता काढून ती समितीकडे द्यावी, ही आंदोलकांची मागणी होती. त्या वेळी पंचविशीत असलेले फिरोजशहा मेहता यांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून नेमकी उलट बाजू मांडली. दोष एकहाती अंमलाचा नाही, त्याच्यावर नजर ठेवणारी खरीखुरी लोकनियुक्त सभा नाही हा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. श्रोत्यांना ते रुचले नाही. तरीही १८७२ च्या कायद्याची बांधणी बरीचशी त्याच दिशेने झाली. ६४ सदस्यांची सभा, त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडलेले, आणि पैशाच्या व्यवहारावर देखरेख करणारी छोटी ‘टाउन कौन्सिल’ अशी ती रचना होती. आजची स्थायी समिती या टाउन कौन्सिलचीच वंशज मानली जाते.

एका मतानुसार ही संपूर्ण रचना वसाहतवादी अविश्वासाची खूण आहे : एतद्देशीयांना बोलू द्यायचे, पण किल्ल्या गोऱ्या अधिकाऱ्याकडे ठेवायच्या. दुसरे मत मेहतांच्या निबंधाकडे आणि मुंबईच्या १८८८ च्या कायद्याच्या मसुद्यावरील वादाकडे बोट दाखवते. त्या मसुद्यात आयुक्ताला सभेच्या बरोबरीचे स्थान देण्याकडे कल होता. मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी विधिमंडळात सभेचे श्रेष्ठत्व लावून धरले आणि ते बऱ्याच अंशी मान्य झाले. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे, कारण एकहाती अंमलाचा पुरस्कार करणाऱ्यांत लोकपक्षाचेच पुढारी होते. मात्र आयुक्ताची नेमणूक आजही शासन करते, या गोष्टीला पहिलेच मत लागू पडते. १८८८ चा हा साचा १९४९ च्या अधिनियमात जवळजवळ जसाच्या तसा उतरला. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे ‘मेयर इन कौन्सिल’ पद्धती आणून महापौर व त्याच्या मंडळाला अंमलाचे अधिकार देण्यात आले. ती वर्ष-दीड वर्षातच मोडीत काढण्यात आली. ठाणे आणि नवी मुंबई त्या प्रयोगाच्या बाहेरच राहिल्या.

ठाणे व नवी मुंबई : ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. तेथून महानगरपालिका होईपर्यंत ठाण्याचा प्रमुख नगराध्यक्ष होता. १९६५ च्या नगरपालिका कायद्याखाली नगराध्यक्षाला प्रशासनावर देखरेखीचे प्रत्यक्ष अधिकार मिळाले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली, पण पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली. मधली वर्षे प्रशासकाची. पहिले महापौर सतीश प्रधान हे त्याआधी नगराध्यक्षही होते. एकाच व्यक्तीने दोन्ही खुर्च्यांवर बसून पाहिल्यामुळे हे उदाहरण बोलके आहे. शहर मोठे झाले, मान वाढला, पण हातातले अधिकार घटले. नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत होताना हे दरवेळी घडते आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

नवी मुंबईचा मार्ग वेगळा. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाने वाशी, नेरूळ, बेलापूर असे एकेक उपनगर वसवले, त्याची जमीन, आराखडा आणि नागरी सेवा सारे स्वतःकडे ठेवले. १ जानेवारी १९९२ रोजी २९ गावांसह महानगरपालिका अस्तित्वात आली. पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली आणि संजीव नाईक पहिले महापौर झाले. सेवा टप्प्याटप्प्याने पालिकेकडे आल्या. जमिनीची मालकी मात्र सिडकोकडेच राहिली. त्यामुळे येथे अधिकारविभागणीला चौथा कोन आहे. महासभेने विकास आराखड्यात शाळा किंवा मैदानाचे आरक्षण टाकावे आणि भूखंड विक्रीला काढण्याचा हक्क सिडकोने सांगावा, हा वाद या शहराचा स्वतःचा आहे. ठाण्यात त्याला समांतर काही नाही.

विभागणीचे स्वरूप : शहराचा कारभार महानगरपालिकेकडे निहित असतो आणि कायद्याची अंमलबजावणी करण्याचा संपूर्ण अधिकार आयुक्ताकडे, असे अधिनियम सांगतो, जेथे सभेची किंवा समितीची मंजुरी लागेल, तेथे तसे स्पष्ट लिहिलेले असते. आयुक्त सभेला बसतो, बोलतो, पण त्याला मत नाही आणि ठरावही मांडता येत नाही. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नामनिर्देशित झालेल्या, सदस्यांनाही मतदानाचा हक्क नाही. महापौर सदस्यांतून निवडला जातो. पूर्वी त्याची मुदत एक वर्ष होती, आता अडीच वर्षे आहे. कोणत्या प्रवर्गासाठी पद राखीव राहील हे मंत्रालयातल्या सोडतीने ठरते. निवडीत समान मते पडल्यास चिठ्ठी टाकतात.

अंदाजपत्रकाचा प्रवास आयुक्ताकडून सुरू होतो. तो ते स्थायी समितीपुढे ठेवतो, समिती दुरुस्त्यांसह महासभेकडे पाठवते. करांचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. स्थायी समितीत १६ सदस्य असतात व त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार नावे देण्याचा नियम असल्यामुळे गट कोणाचा, आघाडी केव्हा नोंदवली यावरून भांडणे होतात. ठाण्यात असा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ठरावीक रकमेवरील प्रत्येक कंत्राटाला या समितीची मान्यता लागते, म्हणून व्यवहारात स्थायी समितीचे सभापतिपद महापौरपदाइतकेच, पुष्कळदा अधिक, वजनदार मानतात.

एका गटाराच्या कामावरून हे स्पष्ट होईल. प्रभागातला कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमाप घेऊन खर्चाचा अंदाज काढतो. लेखा विभाग तरतूद आहे की नाही ते पाहतो. आयुक्तांच्या सहीने ‘गोषवारा’ (प्रस्तावाचे टिपण) तयार होऊन सचिव कार्यालयात येतो आणि विषयपत्रिकेवर क्रमांक पडतो. ठाण्यात पांचपाखाडीच्या मुख्यालयातील नरेंद्र बल्लाळ सभागृहात तो क्रमांक पुकारला जातो. एक सदस्य सूचक होतो, दुसरा अनुमोदक. पुढे विषय मंजूर होतो, फेटाळला जातो, ‘तहकूब’ ठेवला जातो किंवा ‘दप्तरी दाखल’ होतो, म्हणजे कार्यवाहीविना बंद होतो. महापौराची ताकद याच ठिकाणी आहे. कोणता विषय आधी घ्यायचा, कोणाला किती बोलू द्यायचे, चर्चा कधी थांबवायची, समसमान मते पडली तर निर्णायक मत कोणीकडे टाकायचे, हे अध्यासनावरून ठरते. म्हणूनच विरोधक चिडले की अध्यासनासमोरच्या राजदंडाकडे धाव घेतात. राजदंड उचलला गेला की सभा तहकूब होते आणि गटार पुढच्या महिन्यावर जाते.

या वाटेला एक चोरवाट आहे आणि तिचे नाव पालिकेत शिपायापासून सर्वांना ठाऊक असते : ‘पाच-दोन-दोन’. अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’ मधील प्रकरण ५, नियम २(२) याचे हे लघुरूप. कारणे नोंदवून आणि स्थायी समितीच्या मान्यतेने आयुक्ताला निविदा न मागवता काम देता येते, असा त्याचा आशय आहे. पूर, दरड, साथ अशा प्रसंगांसाठी ही तरतूद गरजेची आहे. तिचा वापर एरवीच्या कामांसाठी झाला, की आयुक्त आणि समिती यांनी एकमेकांवर ठेवायचा अंकुश दोघांच्या संमतीनेच सैल होतो. या पद्धतीतले हे सर्वांत हळवे ठिकाण म्हणावे लागेल.

संघर्ष : आयुक्ताला परत बोलवावे असा ठराव करण्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश मते लागतात. १३१ सदस्यांच्या ठाण्यात हा आकडा ८२, तर १११ सदस्यांच्या नवी मुंबईत ७० होतो. नवी मुंबईच्या महासभेने २५ ऑक्टोबर २०१६ रोजी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. तरीही ते मार्च २०१७ पर्यंत पदावर राहिले, नंतर पुण्याच्या परिवहन कंपनीवर त्यांची बदली झाली. ठराव कितीही मोठ्या बहुमताचा असो, कलम ४५१ अन्वये तो निलंबित वा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार शासनाला आहे. ठाण्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी केलेले रस्ता रुंदीकरण हे आयुक्ताच्या अधिकाराचे दुसऱ्या बाजूचे उदाहरण म्हणून सांगितले जाते.

प्रभाग समित्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर (अंमल १ जून १९९३) कायद्यात आल्या. त्यांचे अधिकार स्थानिक कामांपुरते आहेत.

सभागृहाविना कारभार : नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याच्या सभागृहाची मार्च २०२२ मध्ये संपली. आधी करोनाची साथ आणि मग इतर मागासवर्गीय आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न यांमुळे निवडणुका लांबल्या. या काळात आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव पाठवणारा आणि तो मंजूर करणारा एकच अधिकारी, असे चित्र नवी मुंबईत साडेपाच वर्षांहून अधिक काळ राहिले. प्रशासकीय ठरावाला सूचक नसतो, अनुमोदक नसतो आणि विरोधात बोलणाराही नसतो. मेहतांनी १८७१ मध्ये दाखवलेली उणीव, म्हणजे अंमल आहे पण नजर ठेवणारी सभा नाही, ती दोन्ही शहरांनी या वर्षांत अनुभवली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिल्यावर १५ जानेवारी २०२६ रोजी दोन्ही महानगरपालिकांसाठी मतदान झाले. ठाण्यात २०१७ प्रमाणेच बहुसदस्यीय प्रभाग होते. नवी मुंबईत एकसदस्यीय प्रभागांऐवजी ही पद्धत प्रथमच वापरली गेली.