‘मंडळी’ म्हणजे नेमकी कोण? बायबलच्या अर्थावरून चाललेल्या वादाची पार्श्वभूमी

कोपरखैरणे-घणसोलीच्या इमारतींत आठवड्याला एखादी तरी प्रार्थनासभा भरते. चपला जिन्यात, चटईवर पंधरा-वीस माणसं, पास्टरांच्या हातात पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं बायबल. ‘या वचनाचा अर्थ पवित्र आत्म्यानं मला दाखवला,’ असं ते सांगतात आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. खाडीपलीकडे ठाण्यात मिस्सेच्या (कॅथलिक उपासनेच्या) प्रवचनात फादर त्याच वचनावर येतात तेव्हा शब्द असतात, ‘ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे.’ ख्रिस्तसभा म्हणजे कॅथलिक चर्च. आत्म्याबद्दल दोघांचं दुमत नाही. तो कोणामार्फत बोलतो, इथे गाडी अडते.

वसईच्या १५३४ च्या तहानं हा किनारा पोर्तुगीजांकडे गेला. बारा वर्षांनी, ८ एप्रिल १५४६ रोजी, कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेनं बजावलं की ख्रिस्तसभेनं धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणी आपल्या बुद्धीनं शास्त्राचा अर्थ लावू नये. ठाणे-साष्टीच्या ख्रिस्ती घरांत यावर वाद होण्याचं कारणच नव्हतं. मिस्सा लॅटिनमध्ये आणि घरात ग्रंथ नाही. दुसरी, म्हणजे प्रॉटेस्टंट परंपरा आली ती इंग्रजांबरोबर. त्यांच्या ठाण्यातल्या चर्चची प्रतिष्ठा १८२५ मध्ये कलकत्त्याच्या बिशपांनी केली.

पण खरी गाठ आहे भाषांतरात. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमलेले लोक. १५२६ मध्ये एका इंग्रज भाषांतरकारानं त्यासाठी ‘चर्च’ऐवजी ‘काँग्रिगेशन’ घातलं आणि गहजब झाला, कारण त्या एका शब्दानं धर्माधिकाऱ्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली जात होती. दहा वर्षांनी त्याला पाखंडी ठरवून मृत्युदंड दिला गेला. कारण हा एकच शब्द नव्हता, पण हाही होताच. पुढे राजाज्ञेनं १६०४ मध्ये नव्या भाषांतराचं काम निघालं तेव्हा नियमच घातला: ‘चर्च’ हाच शब्द ठेवायचा.

मराठीत पहिला नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरला छापला गेला (बंगालातलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे). पुढच्या प्रॉटेस्टंट भाषांतरांत रुळलं ते येशूचं ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’. मंडळी! पंगतीला बसलेल्यांना आपण म्हणतो तीच. इंग्रजीत राजानं जे दाबलं, ते मराठीत विनासायास घडून गेलं, असं माझं मत. कॅथलिकांनी ‘ख्रिस्तसभा’ धरली. सभा म्हणजेही जमलेली माणसंच की. पण सभेला अध्यक्ष लागतो, मंडळीला नाही लागत.

दुसरा गुंता योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात आहे. आत्मा ‘तुम्हांला’ सर्व सत्यात नेईल, असं येशूचं वचन आहे. ग्रीकमध्ये ते अनेकवचन, समोर बसलेल्या शिष्यांना उद्देशून. मराठीत ‘तुम्हांला’ एकट्यालाही आदरानं म्हणता येतं. वाचणारा ते स्वतःवर घेतो, त्यात त्याचा दोष काय?

१९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेनं सूर बदलला. अर्थ अधिकारानं सांगण्याचं काम ख्रिस्तसभेकडेच राहिलं, मात्र हा अधिकार वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे, असं लिहून दिलं. मिस्सा मराठीत आली, सामान्य कॅथलिकाला बायबल वाचायचं प्रोत्साहन मिळालं. १९६७ मध्ये अमेरिकेत कॅथलिक विद्यार्थ्यांमधून आत्मिक नवीकरणाची चळवळ उठली. तीही इकडे पोचली, आणि ‘आत्म्यानं दाखवलं’ ही भाषा मिस्सेला जाणाऱ्यांच्या तोंडीही आली.

आज नवी मुंबईत एकाच घरातली सून प्रार्थनासभेला आणि सासू मिस्सेला जाते. वर्षभर कोणी काही बोलत नाही. बाळाचा बाप्तिस्मा निघाला की बोलणं होतं. फादर म्हणतात, लवकर आणा. पास्टर म्हणतात, कळता झाल्यावर. दोघंही बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडतात, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा. त्या रात्री त्याचा आणि त्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सगळ्यांत तान्हं मूल होतं की नव्हतं, हे तिथं लिहिलेलं नाही.